शॉकअपची स्प्रिंग बदलताय? तेल कसं मोजायचं ते आधी वाचा

ब्रेक मारला की मोटरसायकल पुढून लोटांगण घालते, खड्ड्यात 'ठक्' वाजतं, तर पुढच्या शॉकअपच्या, म्हणजे फोर्कच्या, स्प्रिंगा घरीच बदलू का, असं तुम्ही विचारलंय. वाचून मला माझीच जुनी दीडशे सीसी आठवली. बदला की! चाक कसं काढायचं, कॅलिपर (डिस्क पकडणारा ब्रेकचा भाग) होजवर, म्हणजे ब्रेकच्या नळीवर, लोंबकळत ठेवायचा नाही वगैरे तुम्हाला माहीत असेलच. एवढंच, की वरच्या टीचा (फोर्कचे पाइप धरून ठेवणाऱ्या पट्टीचा) बोल्ट ढिला केल्यावर, पाइप खालच्या टीत घट्ट असतानाच पाइपाची वरची टोपी अर्धा फेरा सैल करून ठेवा. आणि शेवटच्या आट्यांवर टोपीसमोर तोंड नको, खाली दबलेली स्प्रिंग आहे.

मी खड्ड्यात गेलो ते तेलामुळे. पाइपाच्या वरच्या कडेपासून किती मिलिमीटर खाली तेल हवं, तो आकडा मॅन्युअलमध्ये बघितला; 'स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला' ही ओळ बघितलीच नाही. फोर्कचा पाय, म्हणजे एका बाजूची अख्खी नळी, छत्रीसारखा पूर्ण ताणून आकड्यापर्यंत तेल भरलं. एक बाटली संपली, दुसरी आणली, तरी डोक्यात प्रकाश नाही. गल्लीत ब्रेक मारून पाहिला तर पुढून गाडी हलेना. शेजाऱ्यांना सांगितलं, काय कडक स्प्रिंग मिळालीये!

पुढच्या रविवारी इंदूरहून ओंकारेश्वरला निघालो. सिमरोलपर्यंतच मनगटं दुखायला लागली. भेरूघाटाच्या उतारावर डिस्कच्या बाजूचा, फोर्कमधलं तेल अडवणारा सील गेला, तेल ओघळून डिस्कवर, पुढचा ब्रेक नावापुरता. मागच्या ब्रेकवर आणि दुसऱ्या गियरवर कसाबसा उतरलो. कारण साधं आहे. पाइप आत गेला की वरची हवा दबते, तेल दबत नाही. हवेला जागाच ठेवली नाही तर सगळा दाब सीलवर.

मग सर्व्हिस सेंटर, नाव घेत नाही. न उघडता निदान: "पाइप मुड़ गया है भिया, पूरा सेट लगेगा." अहो, पाइप सपाट काचेवर लोळवून तरी बघायचा! तीन चकरा, नऊ दिवस, रोज "कल आना". शेवटी छावणी भागातल्या एका मिस्त्रीने स्प्रिंग काढून फोर्क दाबला, तर तेल काठोकाठ. काही बोलला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. दोन सील आणि नवं तेल, काम झालं.

माझा अनुभव साध्या फोर्कचा आहे, मी काही मेकॅनिक नाही. उलटा फोर्क (जाड नळी वर असलेला) किंवा कार्ट्रिज (आत वेगळी डॅम्पर नळी) असेल तर यातलं काही धरून चालू नका. तेल भरल्यावर पाय सावकाश वरखाली करून बुडबुडे जाऊ द्या, मगच मोजा. दोन्ही पायांत सारखं हवं.

आणि नव्या स्प्रिंगा मागवण्याआधी जुन्या काढून त्यांची लांबी मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. माझ्या चांगल्या निघाल्या हो! जुनं तेलच गळून निम्मं झालं होतं. नव्या स्प्रिंगांचे पैसे फुकट गेले. त्या अजून माळ्यावर पडल्यात, कुणाला हव्या असतील तर सांगा.