हाक ऐकू येते, येणे मात्र होत नाही

प्रश्न : आमच्या मांजरीला हाक मारली की ती कान हलवते, क्वचित मान वळवून पाहते आणि पुन्हा डोळे मिटते. पहाटे मात्र तिला भूक लागली की माझ्या छातीवर बसून मला उठवल्याशिवाय ती राहत नाही. तिच्यासाठी मऊ गादी आणली, तर ती गादीच्या रिकाम्या खोक्यात झोपते. तिला शिस्त कशी लावावी?

उत्तर : आपल्या घरात शिस्त उत्तम आहे, ती कोणी कोणाला लावली, एवढाच वाद आहे.

प्रथम तिच्या श्रवणशक्तीवरील संशय काढून टाकावा. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जपानी संशोधकांनी मांजरांना अनोळखी माणसांच्या आणि मालकाच्या हाका ऐकवल्या. मालकाचा आवाज मांजरांनी ओळखला, कान व डोके हलवून त्याची नोंदही घेतली. जागेवरून उठण्याची तसदी मात्र सहसा घेतली नाही. यात उद्धटपणा नाही. कुत्र्याचे पूर्वज कळपाने राहणारे आणि पुढे माणसाने त्याला कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवले. मांजराचा पूर्वज असलेले आफ्रिकी रानमांजर एकट्याने शिकार करणारे, आणि ते माणसाजवळ आले ते धान्यावरील उंदरांच्या मागे. उंदीर पकडले जात होते तोवर त्याने आज्ञाही पाळावी, अशी अपेक्षा कोणी ठेवल्याचे दिसत नाही.

पहाटेचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण त्यात आपलाही हातभार आहे. मांजर पहाटे आणि संध्याकाळी अधिक चपळ असते, शिवाय लहान शिकारीवर जगणारा हा प्राणी दिवसातून अनेकदा थोडे थोडे खातो. छातीवर बसले की वाटी भरते, हे तिला आपणच शिकवले आहे. रात्री झोपण्यापूर्वी तिच्याशी दोरी किंवा पिसाने भरपूर खेळावे, त्यानंतरच शेवटचे खाणे द्यावे आणि पहाटे कितीही आर्जवे झाली तरी उठू नये. सुरुवातीला ओरडणे वाढेल. अशा वेळी वैतागून एकदा जरी उठलात, तरी किती वेळ ओरडले म्हणजे माणूस उठतो याचा अचूक हिशेब तिच्याकडे जमा होईल. (वेळ लावून ठेवता येणारे खाद्ययंत्र घेतल्यास तिचा तगादा निदान यंत्राकडे वळू शकतो.) मात्र वाढत्या वयात भूक एकाएकी वाढून वजन घटत असेल, तर तो हट्ट समजू नये, पशुवैद्याकडून थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.

राहिली गादी. चारही बाजूंनी आडोसा असलेल्या जागेत मांजराला सुरक्षित वाटते. निवारागृहात नव्याने आलेल्या मांजरांना खोकी दिली, तर ती लवकर रुळतात असेही आढळले आहे. गादी खोक्यात घालून पाहावी. तेही तिला मान्य झाले नाही, तर गादी खुशाल परत करावी, पण खोके ठेवून घ्यावे.