सौरवाऱ्यातली खळबळ आणि सीईटीचा फॉर्म

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. मुलगी दहावीपर्यंत खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकली, आता बेळगावात पीयूसी सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, आहे आणि 'सौरवाऱ्यातल्या खळबळीवर संशोधन करणार' म्हणून हटून बसली आहे. तुमचं म्हणणं, सीईटी देऊन कॉम्प्युटरला जावं. 'या खुळावर पोट भरेल का?' असं विचारलंत.

आधी खूळ काय आहे ते बघू. सूर्याकडून विद्युतभारित कण सतत वाहत असतात, सेकंदाला साधारण ३०० ते ८०० किलोमीटर वेगानं. हाच सौरवारा. पावसाळ्यात खानापूरच्या पुलावरून मलप्रभा बघा. मोठे भोवरे फुटून लहान होतात, त्यांचे आणखी लहान, आणि शेवटी पाण्याच्या चिकटपणामुळं त्यांची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. सौरवाऱ्यातही भोवरे फुटतात, पण पृथ्वीजवळ तिथं घनसेंटिमीटरला जेमतेम पाचेक कण. एकमेकांवर आदळायला शेजारी कुणी नाहीच, मग चिकटपणा येणार कुठून? तरी सूर्यापासून लांब जाताना हा वारा जितका थंड व्हायला हवा तितका होत नाही. भोवऱ्यांची ऊर्जा विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांमार्फत कणांना मिळत असणार; पण नेमकी कशी, यावर २०१८ मध्ये सूर्याकडं निघालेल्या नासाच्या पार्कर यानाची मोजमापं घेऊन अजून वाद झडताहेत. सतराव्या वर्षी हा प्रश्न ज्या पोरीला छळतो, तिला खुळी म्हणवत नाही.

पोटापाण्याचं स्पष्टच सांगतो. पीएचडी होईस्तोवर सत्तावीस-अठ्ठावीस वय होतं. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं. कायमच्या जागा मात्र मोजक्याच: इस्रो, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा (पीआरएल), बंगळूरची खगोलभौतिकी संस्था, पनवेलची भूचुंबकत्व संस्था, अशा ठिकाणी. पण हे दुर्बिणीला डोळा लावून बसायचं काम नव्हे. दिवसभर आकडे, फूरिये (लहरींची फोड करायचं गणित) आणि पायथॉन ही संगणकाची भाषा. त्यात हात बसला की डेटाच्या नोकऱ्या बाहेरही मिळतात.

तिनं आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञानसंस्थांची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट द्यावी; अभ्यास एनसीईआरटीचा, म्हणजे पीयूसीचाच. सीईटीचा फॉर्मही भरावा, भांडण कशाला? आयसर हुकलं तर बेळगावातच बीएस्सी, फिजिक्स-मॅथ्स घेऊन, आणि मग एमएस्सीच्या प्रवेशाची जॅम परीक्षा. इंजिनिअरिंगनंतरही इकडं येता येतं, वळसा पडतो इतकंच. मराठी माध्यमाची काळजी सोडा. पीयूसीचं पहिलं वर्ष इंग्रजीतून काढलंय तिनं.

एक मात्र करा. २०२३ मध्ये सुटलेलं आपलं आदित्य-एल१ यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून सौरवारा मोजतंय. त्याची आकडेवारी इस्रोच्या 'प्रदान' पोर्टलवर नोंदणी केली की फुकट मिळते. परीक्षा संपली की तिला चुंबकमापीच्या एका दिवसाच्या नोंदी उतरवून आलेख काढायला सांगा. फाइल उघडण्यातच डोकं फिरेल. आठवड्यानंतरही ती त्याच फाइलला चिकटून असली, तर आयसरच्या फीची तजवीज करा. कंटाळली तर सीईटीचं काउन्सेलिंग आहेच.