सिंगापूरला जाऊन परत इंडियाच बघायचा?

प्रश्न : भाचा सिंगापूरला नोकरीला हाय म्हणून आईला घेऊन जायलोय. तो म्हणतो तिथली भारतीय लोकांची जुनी वस्ती, लिटल इंडिया, बघायलाच पाहिजे, आई म्हणते एवढा विमानखर्च करून परत इंडियाच बघायचा असंल तर निपाणीचा बाजार काय वाईट हाय? आई शाकाहारी, गुडघे दुखतात, तमिळ आम्हाला कुणालाच येत नाही. अर्धा दिवस घालवावा का? आणि आईला मिश्री लागते, बॅगेत चालंल का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : शेवटचं आधी सांगतो, कारण तुम्ही निपाणीचे. मिश्री अजिबात नको वो. तंबाखू, गुटखा, जर्दा, असलं तोंडात धरायचं सगळं तिकडं बंद आहे, आपल्यापुरती एक पुडी आणली म्हटलं तरी चालत नाही. आईंची सवय महिनाभर आधीपासून कमी करायला लागा.

आता मूळ मुद्दा. आईंचं बरोबरच आहे, इंडिया बघायला म्हणून जाऊ नका. मला स्वतःला तिथं ओळखीचं काय वाटलं असेल तर ते जुन्या नावांत. सेरंगून रोडवर वीरमाकाळी अम्मनचं देऊळ आहे, त्या भागाचं जुनं तमिळ नाव सुण्णांबु कंबम. आपल्याकडं कानडी माणूस चुन्याला सुण्णा म्हणतो, तेच हे. इथं चुन्याच्या भट्ट्या होत्या, त्यात काम करणारी तमिळ माणसं होती, आणि त्यांची देवी ही. तंबाखूच्या गावचा माणूस चुन्याच्या गावात, आता बोला! भट्ट्या गेल्या, तसा जनावरांचा बाजारही गेला, पण रस्त्यांची नावं राहिली, एक बफेलो रोड आणि दुसरा केरबाऊ रोड, मलय भाषेत केरबाऊ म्हणजे म्हैसच.

तमिळ येत नाही म्हणताय, पण कानडी कानावर पडलंय की. ओंदु-एरडु-मूरु-नाल्कु येत असेल तर तिकडचं ओन्नु-रेंडु-मूनु-नालु कळतंय, हालूचं पाल आणि हूवूचं पू एवढं लक्षात ठेवलं की दूध आणि फुलं मिळाली. बाकी इंग्रजीत भागतं. तमिळ तिथल्या चार सरकारी भाषांतली एक आहे, स्टेशनच्या पाटीवर पण असते. बेळगाव भागातला माणूस त्या पाटीसमोर दोन मिनिटं थांबतोच, का ते तुम्हाला सांगायला नको.

गुडघ्यांचं म्हणाल तर लिटल इंडिया स्टेशनपासून सगळं जवळ आहे. सकाळी लवकर जावा, देवळं दुपारी काही तास बंद असतात, मी बरोबर एक वाजता पोचून बंद दाराला नमस्कार करून आलतो. ऊन वाढलं की कॅम्पबेल लेनवरच्या इंडियन हेरिटेज सेंटरमध्ये एसीत बसा, 2015 ला सुरू झालंय, फक्त सोमवारी जाऊ नका, बंद असतंय. रविवार पण आईंसोबत नको. त्या दिवशी तमिळनाडू-बांगलादेशचे कामगार सुट्टीला तिथं जमतात, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. तुम्ही एकटे असता तर मी रविवारी संध्याकाळीच जावा म्हटलं असतं, कारण तो भाग खरा कुणाचा आहे ते त्याच दिवशी कळतं.

केरबाऊ रोडवर तान तेंग नियाचं 1900 सालचं रंगीबेरंगी घर आहे, मालक मिठाईच्या धंद्यातला चिनी. सगळे फोटो तिथंच काढतात, तुम्ही पण काढा.

जेवायला कोमल विलास, 1947 पासूनचं शाकाहारी. फक्त सांबारात गूळ शोधू नका म्हणावं आईंना.

आणि भाच्याला बजावून ठेवा, मुस्तफा सेंटर अगदी शेवटी. सोन्यापासून मसाल्यापर्यंत सगळं एकाच छताखाली, आधी तिथं घुसलात तर आई बाहेर यायच्या नाहीत आणि सुण्णांबु कंबम राहून जाईल.