पावसाळ्यातलं धुणं आणि परत येणारं गजकर्ण

पाऊस लागला की खानापूर-बेळगावकडून एकच तक्रार येते: औषध संपलं की खाज परत सुरू. त्वचेचा डॉक्टर म्हणून दर वर्षी तेच सांगतो, यंदाही सांगतो.

शेवटच्या पाण्यात जंतुनाशक घालावं का? (बेळगाव)
गरज नाही. साबण, पुरेसं पाणी आणि ऊन एवढं बास. जाहिरातीवर जाऊ नका.

मी घरी विड्या वळते. माझे कपडे बाळाच्या कपड्यांत धुतले तर चालतील? (निपाणी)
नको. तंबाखूची धूळ बाहेर झटका, बादली वेगळी ठेवा. बाळाला घेण्याआधी हात धुवा, साडी बदला. बाळाला पुरळ उठलं तर लगेच दाखवा.

ट्यूब लावली की गजकर्ण जातं, महिन्याभरात परत येतं. आता सासूबाईंनाही झालंय. (खानापूर)
घरात टॉवेल एकच आहे ना? बहुतेक घरांत असतो. गजकर्ण म्हणजे बुरशी. ती खपल्यांबरोबर कपड्यांत उतरते आणि गार पाण्याच्या धुण्याला दाद देत नाही. परकराचा नेफा दोन बोटांत दाबून बघा. बाकी कापड वाळलेलं असतं, तिथं गारवा असतो. तोच परकर तुम्ही पुन्हा कमरेला बांधता.

ज्यांना गजकर्ण आहे त्यांचे कपडे, टॉवेल वेगळे ठेवा. उकळतं आणि साधं पाणी निम्मं-निम्मं घेतलं की साधारण 60 अंश होतं. त्यात अर्धा तास झाकून भिजवा, मग धुवा. ऊन नसेल तर पंख्याखाली वाळवा आणि उलट्या बाजूनं कडक इस्त्री करा, शिवणींवर जरा थांबून.

आता त्या ट्यूबचं. मेडिकलमधून नुसतं नाव सांगून आणलेल्या अशा बऱ्याच ट्यूबांत बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉलसारखं जोरदार स्टेरॉईड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून बायका ती शेजारणीलाही देतात. बुरशी मात्र पसरत राहते, जांघेतली कातडी पातळ होते, पांढरट चिरा पडतात आणि त्या जात नाहीत. अशी मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, तरी काउंटरवर मिळतात, याचा मला राग येतो. चार-चार महिने ट्यूबा बदलत बसू नका. ती ट्यूब घेऊनच त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, सासूबाईंनाही न्या. डाग गेला म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध मधेच सोडू नका.

घरात खरूज आली आहे. गोधड्या रोज कशा धुवायच्या? (चिकोडी)
रोज नको. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. माणसाच्या अंगाशिवाय खरजेचा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. औषध मात्र घरातल्या सगळ्यांनी, खाज नसलेल्यांनीही, एकाच वेळी रात्री लावायचं. घरात तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर त्यांचं औषध आधी डॉक्टरांना विचारा.