कड सोडण्याआधी

चि. पुतण्यास,

अनेक आशीर्वाद.

शनिवारी पहाटे दोन वाजता पाठवलेली तुझी मेल वाचली. तू इंग्रजीत लिहिलंस, मी मराठीत उत्तर देतोय. अडलास तर आईला विचार. तेवढंच तिलाही कळेल की पोरगा पहाटे दोनला जागा होता.

तुझी तक्रार थोडक्यात अशी. शुक्रवारच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात, तिसऱ्या क्वार्टरमध्ये, तू बचावाची बाहेरची कड सोडून आत घुसलास, कारण त्यांचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा गडी, आत शिरताना तुला स्पष्ट दिसला. चेंडू त्याच्याकडे नव्हताच. क्वार्टरबॅकने, म्हणजे त्यांचा डाव चालवणाऱ्याने, तो पोटाशी धरून ठेवला आणि तुझ्याच रिकाम्या कडेवरून बाहेर पळाला. चाळीस यार्ड. कोचने उरलेला सामना तुला बाकावर बसवलं. इथवर मला तुझं दुःख समजलं. पण शेवटी तू लिहिलंस की आपल्या पिट्सबर्ग स्टीलर्सच्या जेम्स हॅरिसननेही सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, सांगितलेलं काम सोडलंच होतं, मग त्याला डोक्यावर घेतात आणि मला बाकावर का? त्या एका वाक्यामुळे हे पत्र लांबणार आहे.

हो, सोडलं होतं. तू तेव्हा रांगतही नव्हतास, मी मात्र तो खेळ पाहिलाय. 1 फेब्रुवारी 2009, सामना टॅम्पाला. आम्ही पाच-सहा कुटुंबं पिट्सबर्गजवळ मन्रोव्हिलला एकाच्या बेसमेंटमध्ये जमलो होतो, बायकांच्या खांद्यावर शालींऐवजी स्टीलर्सचे पिवळे टॉवेल. पिट्सबर्ग 10, ॲरिझोना 7. पूर्वार्धाचे 18 सेकंद उरलेले आणि ॲरिझोनाचा चेंडू आमच्या गोलरेषेच्या तोंडाशी. स्टीलर्सनी ब्लिट्झ ठरवला होता, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडायची. हॅरिसनने सरळ त्यांच्या क्वार्टरबॅकवर, कर्ट वॉर्नरवर, धावून जायचं होतं. त्याने तसा आव आणला आणि मग पाऊल मागे घेतलं. वॉर्नरने आपल्या अँक्वान बोल्डिनकडे आतल्या बाजूला आखूड पास टाकला, तो थेट हॅरिसनच्या हातात. तिथून शंभर यार्ड. एवढा वजनदार गडी, वाटेत आपले आडवे येतायत, परके लोंबकळतायत, शेवटी ॲरिझोनाच्या लॅरी फिट्झजेराल्डने गाठलं तोवर तो गोलरेषेवर कोसळला होता. नंतर त्याला बाजूला ऑक्सिजन लावला. मध्यंतराला 17-7, आणि सामना आपण 27-23 असा जिंकला. त्या एका चेंडूची किंमत काय, ते गणित तूच कर.

आता त्याने ते का केलं ते बघ. समोरून ब्लिट्झ येतोय म्हटल्यावर वॉर्नर चेंडू हातात ठेवणार नाही, तो पटकन आणि आखूड टाकणार, आणि गोलरेषेजवळ आखूड पासला वाट असते ती आतल्या बाजूची. आपण धावून गेलो तरी पोचेपर्यंत चेंडू सुटलेला असेल, हे हॅरिसनने ताडलं. शिवाय मागे येऊन पासची वाट अडवणं त्याला नवं नव्हतं. स्टीलर्सच्या बचावाचे प्रशिक्षक डिक लेबो यांची सगळी पद्धतच त्यावर उभी होती: जो धावून येईल असं वाटतं तो मागे सरकतो आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही तो आत घुसतो. झोन ब्लिट्झ म्हणतात ते हेच. म्हणजे त्या रात्री हॅरिसनने हजार वेळा घोटलेलं एक काम बाजूला ठेवून हजार वेळा घोटलेलं दुसरं उचललं. तू शुक्रवारी कुठलं दुसरं काम उचललंस?

आता तुझ्या व्हिडिओत नसलेला हॅरिसन. ॲक्रनचा मुलगा, चौदा भावंडांत शेंडेफळ. केंट स्टेटला शिष्यवृत्तीशिवाय संघात शिरला. 2002 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, सात फेऱ्यांत कुणीही नाव घेतलं नाही, लाइनबॅकर, म्हणजे पहिल्या फळीमागचा बचावपटू, म्हणून सहा फूट उंची कमी पडते म्हणे. स्टीलर्सनी घेतलं, काढलं, घेतलं, काढलं. एकूण तीनदा त्यांनी काढलं आणि एकदा बाल्टिमोरने. मधे तो जर्मनीत ऱ्हाइन फायरकडून खेळून आला. का काढत होते? ताकद कमी नव्हती. त्याला प्लेबुक, म्हणजे संघाच्या डावपेचांचं पुस्तक, येत नव्हतं! सरावात चालू प्लेच्या मधेच तो थांबायचा, हात वर करायचा आणि मला बाहेर काढा म्हणायचा. ही गोष्ट त्याच्याच संघातल्या लोकांनी नंतर हसत हसत सांगितली आहे. 2004 च्या उन्हाळ्यात संघातल्या क्लार्क हॅगन्सचा हात वजनं उचलताना मोडला, म्हणून हॅरिसनला परत बोलावणं आलं. त्या नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलँडला संघातल्या जोई पोर्टरला सामन्याआधीच मारामारीसाठी बाहेर काढलं, म्हणून त्याला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळायला मिळालं. कायमची जागा मिळाली 2007 मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. त्याच्या पुढच्या वर्षी 16 सॅक, म्हणजे चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅकला पाडणं, आणि सर्वोत्तम बचावपटूचा मान, जो ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या कुणालाही तोवर मिळाला नव्हता.

प्लेबुक न आल्यामुळे घरी पाठवलेला माणूस, आणि प्लेबुक इतकं मुरलं की ते केव्हा मोडायचं हेही ज्याला कळलं तो माणूस, हे दोघे एकच. मधे सहा-सात वर्षं आहेत. तुझी अजून सुरुवातीची दोन चालू आहेत.

मी स्वतः हा खेळ कधी खेळलो नाही, हे तुला माहीत आहे. गेली अठरा वर्षं इथल्या शाळेच्या सामन्यांत दर शुक्रवारी कडेला चेंडू किती पुढे गेला ते मोजायची दहा यार्डांची साखळी धरून उभा असतो, त्याआधी पोरवयात सांगलीकडे कबड्डीत उजवा कोपरा धरायचो. एकदा चढाईपटूचा पाय पुढे आलेला दिसला आणि मी झेप घेतली. साखळीतला जोडीदार तयार नव्हता. तो माझ्या हाताला हिसडा बसून ओढला गेला, चढाईपटू दोघांना शिवून मध्यरेषेपार. सरांनी एक शब्द काढला नाही. पुढचे दोन महिने सरावात मला झेप घ्यायची मनाई होती, नुसतं साखळीत सरकायचं, डावीकडे, उजवीकडे. तेव्हा मला सरांचा भयंकर राग आला होता. अजूनही थोडा आहे.

तर तुझ्या त्या प्लेकडे येऊ. मला एक सांग, चेंडू उचलल्यावर समोरच्या टॅकलने, म्हणजे त्यांच्या अडवणाऱ्या फळीतल्या गड्याने, तुला हातही लावला नाही ना? आणि तुला आनंद झाला, की चला, मोकळा सुटलो. तिथेच घात झाला. आजकाल शाळेच्या संघांतही हे सर्रास चालतं. कडेच्या बचावपटूला मुद्दाम मोकळं सोडतात आणि त्याला अडवायचा माणूस दुसरीकडे वापरतात. तुला अडवायचं काम क्वार्टरबॅक नजरेने करतो. तो चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी धरून तुझ्या खांद्यांकडे बघत असतो. खांदे आत वळले की चेंडू काढून घ्यायचा आणि बाहेर पळायचं, खांदे सरळ राहिले की चेंडू देऊन टाकायचा. तू त्याला वाचतोयस असं तुला वाटत होतं, वाचला तो तुला.

म्हणून कुणीच अंगावर आलं नाही की आधी संशय धर. पाय हलते ठेव, खांदे रेषेला समांतर ठेव, बाहेरचा हात मोकळा ठेव आणि धाव आत वळव. आत तुझा आतला लाइनबॅकर उभा आहे, ते त्याचं गिऱ्हाईक. पाडल्याचं श्रेय त्याला मिळेल, टाळ्या त्याला मिळतील, स्कोअरबुकात तुझं नाव येणार नाही. तुझ्या वडिलांनाही कडेला बसून काही कळणार नाही, ते फोनवर बघत असतील. कोचला मात्र कळेल, आणि कॉलेजचा माणूस व्हिडिओ बघायला बसेल तेव्हा त्यालाही.

वाचायचं कसं, तर सुरुवात समोरच्या टॅकलच्या हेल्मेटपासून कर. हेल्मेट झटकन वर आलं तर बहुधा पास, खाली राहून पुढे आलं तर धाव. मग त्याच फळीतला त्याच्या शेजारचा गार्ड सरळ येतोय की रेषेमागून आडवा पळतोय ते बघ. चेंडूकडे सगळ्यात शेवटी बघायचं. हे अवघड आहे, कारण अख्खं स्टेडियम चेंडूकडे बघत असतं. एक वही कर. दर सोमवारी व्हिडिओ लावायचा, टॅकलचं पहिलं पाऊल पडलं की थांबवायचा, अंदाज लिहायचा, मग पुढे चालवायचा. पहिल्या आठवड्यात निम्मे चुकतील. वही मला दाखवू नकोस, स्वतःपुरती ठेव.

संतापाबद्दलही एक. ज्या सामन्यात हॅरिसनने ते शंभर यार्ड काढले, त्याच सामन्यात उत्तरार्धात पंट, म्हणजे चेंडू लांब लाथाडणं, चालू असताना त्याने ॲरिझोनाच्या एकाला बुक्के मारून दंड ओढवून घेतला. नशीब, निभावलं. 2010 मध्ये जोरदार धडकांबद्दल लीगने त्याला एका हंगामात लाखभर डॉलरचा दंड केला आणि 2011 मध्ये कोल्ट मकॉयवरच्या धडकेसाठी एका सामन्याची बंदी घातली. इथे पिट्सबर्गात लोक अजूनही म्हणतात की त्याला मुद्दाम लक्ष्य केलं. मीही स्टीलर्सचाच, पण मला ते पटत नाही. हेल्मेटने हेल्मेटला मारणं हा खेळाचा बाणेदारपणा नव्हे.

इथे मी जरा कडक होणार आहे. टॅकल करताना, म्हणजे समोरच्याला पाडताना, नजर वर, डोकं बाजूला, खांदा पुढे. डोकं खाली गेलं की मान तुझीच मोडते. आणि डोक्याला दणका बसून गरगरलं, उजेड टोचला, प्लेचं नाव आठवेना, तर लगेच सांगायचं. तुमच्या टेक्सासच्या 2011 च्या कायद्याप्रमाणे कन्कशनचा, म्हणजे दणक्याने मेंदू हादरल्याचा, संशय आला की त्या दिवशी परत उतरता येत नाही, आणि पुढेही डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय नाही. म्हणून मुलं लपवतात. लपवू नकोस. 2017 मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दान केलेले मेंदू तपासले, त्यातल्या एनएफएल खेळाडूंच्या 111 पैकी 110 मेंदूंत सीटीई, म्हणजे वारंवारच्या दणक्यांनी होणारा मेंदूचा आजार, आढळलं. आता, ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका होती त्यांचेच मेंदू प्रामुख्याने आले होते, त्यामुळे हा आकडा सगळ्या खेळाडूंना जसाच्या तसा लावता येत नाही. पण तो विसरण्यासारखाही नाही.

तू विचारलंयस, पुढे काही होईल का? मला माहीत नाही. देशभर दहा लाखांच्या आसपास मुलं शाळेत हा खेळ खेळतात, ड्राफ्टमध्ये दरवर्षी अडीचशेच्या आसपास नावं पुकारली जातात. वडील अभ्यासाचं बोलतात तेव्हा याच आकड्यांवर बोलतात, त्यांना खलनायक करू नकोस. आपल्यासारख्यांना जमत नाही असं मात्र कुणी म्हणालं तर ब्रँडन चिलारचं नाव सांग. वडील भारतीय, यूसीएलएला शिकला, 2004 च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत गेला, सात हंगाम लाइनबॅकर म्हणून काढले आणि ग्रीन बेच्या विजेत्या संघाची अंगठी मिळवली. तो सुपर बोल तुझ्या आत्ताच्या घरापासून जवळ आर्लिंग्टनला झाला आणि हरले ते आमचे स्टीलर्स, म्हणून मी हे उदाहरण फारसं देत नाही. दुखापतीमुळे चिलार त्या दिवशी मैदानात नव्हता, हेही लक्षात घे. या धंद्यात असंही होतं.

आणि उंचीचं रडगाणं नको. पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिरात चिंचेच्या भातासाठी तू हट्ट करायचास, आठवतं? त्याच पेन हिल्सच्या शाळेतून ॲरन डोनाल्ड आला. बचावाच्या आतल्या फळीसाठी बुटका म्हणायचे त्याला. वडिलांनी तळघरात व्यायामशाळा केली होती, पहाटे साडेचारला उठवून घेऊन जायचे. तीनदा लीगचा सर्वोत्तम बचावपटू झाला. तू पहाटे दोनला जागा असतोस, त्यापेक्षा दहाला झोप आणि साडेचारला ऊठ.

सोमवारी कोचकडे जा. माफी मागायची गरज नाही. त्या प्लेमध्ये माझे खांदे कुठे असायला हवे होते, एवढंच विचार. तो तुला अर्धा तास देईल, असे लोक या प्रश्नाची वाटच बघत असतात. आणि मला त्या प्लेचा व्हिडिओ पाठव. बाजूने घेतलेला नको, गोलपोस्टच्या मागून घेतलेला. तुझे खांदे नेमके कधी वळले ते मला बघायचंय.

तुझा,
काका

ता. क. आईला अवघड शब्द विचारशील तेव्हा कन्कशनचा परिच्छेद वगळू नकोस. तो मी तिच्यासाठीही लिहिलाय.