साठ गाणी आणि अर्धी राहिलेली बी.एस्सी.

प्रश्न : मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दार लावून एकटाच गाणी रेकॉर्ड करतो. वर्षभरात साठेक झाली. आवाज खरखरीत, शब्द धड कळत नाहीत. म्हणतो, ‘आई, हे लो-फाय सायकेडेलिक पॉप आहे, ते असंच असतं.’ आता कॉलेज सोडून पूर्ण वेळ हेच करायचं म्हणतोय. काय करावं?
– एक आई, मिरज

ताई, आधी त्या खरखरीबद्दल. लो-फाय म्हणजे साध्या साधनांवर केलेलं, खरखर तशीच राहू दिलेलं रेकॉर्डिंग; सायकेडेलिक म्हणजे स्वप्नात ऐकल्यासारखं वाटणारं. तुम्ही तंबोऱ्यांच्या गावच्या. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी, म्हणजे ती झणझणती गुंज, काढतात, तेव्हा कोणी म्हणत नाही की तार बिघडली. टेपच्या खरखरीची जात वेगळी, मान्य. पण तुमचा मुलगा ती मुद्दाम ठेवत असेल तर तो हयगय करत नाहीये.

पूर्वी या खरखरीमागे नाइलाज होता. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटनचा रॉबर्ट पोलार्ड हा चौथीच्या वर्गाचा शिक्षक. 1983 मध्ये त्याने ‘गायडेड बाय व्हॉइसेस’ हा बँड काढला. पुढे मित्रांच्या तळघरात, गॅरेजमध्ये चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर काम चालायचं. अशा यंत्रावर टेपच्या चार पट्ट्यांवर, म्हणजे ट्रॅकवर, चार आवाज वेगवेगळे घेता येतात; जागा संपली की तीन ट्रॅक एकावर उतरवायचे आणि दर वेळी टेपची सळसळ थोडी वाढायची. 1992 मध्ये त्यांनी ‘प्रोपेलर’ या अल्बमच्या फक्त 500 प्रती काढल्या, प्रत्येकीचं कव्हर हाताने केलेलं, वेगळं. मग 1994 मध्ये ‘बी थाउजंड’ आला : 36 मिनिटांत 20 गाणी, काही तर मिनिट-दीड मिनिटाची. त्याने नाव झालं. त्या सुमारास पोलार्डने नोकरी सोडली. तोवर चौदा वर्षं शिकवून झालं होतं आणि वय छत्तीसच्या पुढे गेलं होतं.

मुलाला हे सांगा, पण ‘बघ, त्याने नोकरी केली’ अशा सुरात नको. या संगीताला स्टुडिओचं भाडं लागत नाही, वादकांचं मानधन लागत नाही. एक खोली आणि रात्रीचे दोन तास पुरतात. मग कॉलेज सोडून त्याला नेमकं काय जास्त मिळणार आहे? वेळ, एवढंच. आणि वर्षाला साठ गाणी करणाऱ्याला वेळ कमी पडतोय, हे मला तरी पटत नाही. उलट महिन्याची मिळकत गाण्यावर अवलंबून राहिली, की तिसऱ्या महिन्यात लग्नाचे व्हिडिओ आणि जाहिरातींच्या जिंगल्स सुरू होतात. त्यात वाईट काही नाही. फक्त त्याला ते करायचं नाहीये.

पदवीचा सरळ उपयोगही आहे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये (एफटीआयआय) ध्वनीचा अभ्यासक्रम आहे. तिथे पदवी लागते आणि बारावीला भौतिकशास्त्रही. बी.एस्सी.वाल्याने हे दार स्वतःहून लावून घेऊ नये. ती प्रवेश परीक्षा सोपी नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. गाणी प्रकाशित झाली की गीतकार-संगीतकार म्हणून इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घेता येतं. रॉयल्टी सुरुवातीला चहापाण्यापुरतीही येणार नाही, पण नोंद असावी.

तुमच्याकडे एकच काम. एका रात्री त्याच्याच हेडफोनवर त्याची गाणी ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर नको. मग विचारा, यातली कुठली दहा ठेवशील? पोलार्डच्या ढिगातही टाकाऊ खूप आहे; वीस निवडली तेव्हा ‘बी थाउजंड’ झाला. मुलगा कुठली दहा ठेवतो आणि पन्नास टाकताना किती भांडतो, ते मला कळवा. पुढचं त्यानंतर बोलू.