आधी एबीएल१ एवढंच धर

भाऊ, माणसाच्या पाचशेहून जास्त कायनेजांची (एक प्रकारच्या एन्झाइमांची) यादी पाठ करत बसू नको. एबीएल१ हे एकच जनुक, ज्यापासून एक कायनेज बनतं, नीट समजून घे.

कायनेज एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतला फॉस्फेट दुसऱ्या प्रथिनाला जोडतं. आपल्या जळगावच्या केळीबागेतला ठिबकचा व्हॉल्व्ह आठव, गरजेपुरता उघडतो आणि बंद होतो. गुणसूत्र ९ आणि २२ यांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली की एबीएल१ बीसीआर या दुसऱ्या जनुकाला जोडलं जातं, व्हॉल्व्ह उघडाच राहतो, रक्तपेशी बेसुमार वाढतात. हाच क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, एक रक्ताचा कॅन्सर. २००१ मध्ये मंजुरी मिळालेलं इमॅटिनिब हे औषध या कायनेजमधली नेमकी एटीपीची जागा अडवतं. मला तर हे अजूनही विलक्षण वाटतं!

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- प्रथिन वाढलं म्हणजे क्रियाही वाढली असं धरतात. फॉस्फोरिलेशन, म्हणजे फॉस्फेट खरंच जोडला जातोय का, ते तपास.
- कायनेज म्हणजे कॅन्सरच समजतात. निरोगी पेशीलाही ते लागतंच.

औषधाला दाद न देणारी उत्परिवर्तनं सध्या बाजूला ठेव. अडलं तर बिनधास्त विचार.